फिरत्या फर्नचं रहस्य

“या माणसाच्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही. गुन्हेगार त्याच्या सावलीला घाबरतात, आणि सावली त्याला.”

हे वाक्य माझं नाही. भावोजींचं आहे, आणि ‘हा माणूस’ म्हणजे खुद्द भावोजी. त्यांच्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात याच वाक्याने झाली पाहिजे, अशी त्यांची अट आहे. सावलीचा भाग काढू या, असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं.

“तू वर्तमानपत्रात लोकांच्या बातम्या काप,” ते म्हणाले. “माझं चरित्र कापू नकोस.”

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली. मीटरला चुंबक लावून पाणी चोरणारे त्यांनी पकडले, आणि न चोरणारे त्याहून जास्त पकडले. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, संशय सुटला नाही. वेळ जावा म्हणून ताईने त्यांना फर्नची एक कुंडी आणून दिली आणि फर्न वाढवणाऱ्यांच्या ‘पानोपानी’ या ऑनलाइन ग्रुपमध्ये घातलं. आठवड्याभरात भावोजी ग्रुपचे दक्षताप्रमुख झाले. असं पद तिथे नव्हतं. अजूनही नाही.

‘पानोपानी’इतकी प्रेमळ माणसं मी पाहिलेली नाहीत. ग्रुप चालवतात ते एक बेकरीवाले काका. शिवाय एक दंतवैद्य, एक गणिताच्या बाई, एक सलूनवाले आणि इतर बरेच. नवीन माणूस पहिल्यांदा बोलला की प्रत्येकाने त्याचं स्वागत करायचं, आणि नुसतं ‘या, बसा’ न म्हणता अनुभवाचा एक सल्ला द्यायचा, हा तिथला रिवाज. दुसऱ्याने दिलेला सल्ला खोडायचा नाही, हाही रिवाजच. मन दुखावतं. त्यामुळे ग्रुपमध्ये आजवर एकही भांडण झालेलं नाही. झाडांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

सगळे बोलतात, अपवाद एकच. एक सदस्य पहिल्यापासून ग्रुपमध्ये आहे, पण तिने एक अक्षरही लिहिलेलं नाही. नावाच्या जागी तिने ‘फक्त वाचते’ असं टाकलंय आणि फोटोच्या जागी एक रिकामी खुर्ची. भावोजींच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं संशयास्पद असतात: बोलणारी आणि न बोलणारी.

अशात एका सोमवारी ‘नवखी’ या नावाने एक मुलगी ग्रुपमध्ये आली. सोबत फोटो होता. खिडकीजवळ लाकडी स्टूल, त्यावर मातीच्या कुंडीत दोन्ही बाजूंनी भरघोस लोंबणारं फर्न. खाली लिहिलं होतं, ‘नमस्कार. हे झाड माझं नाही. ज्यांचं आहे त्या बाहेरगावी गेल्यात, पुढच्या शनिवारी येतील. तोवर ते जगलं पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही. मला झाडांतलं काहीच कळत नाही.’

स्वागताला रांग लागली. पहिला नंबर भावोजींचा. ‘फर्नला दमट हवा लागते. न्हाणीघरात ठेवा. माझं तिथेच आहे आणि डोलतंय.’ मागोमाग बाकीचे आले. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर होतं: ‘बरं, करते.’

“‘हे झाड माझं नाही,’” भावोजींनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. “कबुलीजबाब, तोही दुसऱ्याच वाक्यात! इतकी निर्ढावलेली बाई मी पाहिली नाही. आणि हे ‘करते, करते’ काय? काय करते, ते कुठे सांगते?”

दुसऱ्या दिवशी नवखीने नवा फोटो टाकला. फर्न बादलीशेजारी फरशीवर होतं.

“झाड हललं,” भावोजी म्हणाले.

“न्हाणीघर दिसतंय,” ताई भाजी चिरता चिरता म्हणाली.

“न्हाणीघरच! चोरीचा माल ठेवायला याहून चांगली जागा कुठली? कडी आतून लागते.”

त्यानंतर फर्न फ्रीजवर दिसलं. मग शिवणयंत्रावर. भावोजींनी टेबलावर साखरेचा डबा, मिठाची बरणी आणि माझा चष्मा मांडून मला गुन्ह्याचा नकाशा समजावला. झाड एका टोळीच्या हातून दुसरीच्या हाती जात होतं.

“अहो, एकाच घरात फ्रीज आणि शिवणयंत्र असू शकतं,” ताई म्हणाली.

“असू शकतं. पण का असावं?”

ताई पुन्हा भाजीकडे वळली. मी माझा चष्मा परत मागितला, पण तो टोळीत सामील होता.

रविवारी मातीची कुंडी गेली, निळी आली. “गाडी पळवली की नंबरप्लेट बदलतात,” भावोजी म्हणाले. सोमवारी फर्नची पानं चारी बाजूंनी समान कापलेली दिसली. “वेषांतर!” मंगळवारी कुंडीशेजारी एक टूथब्रश होता. भावोजी बराच वेळ त्या ब्रशकडे बघत राहिले. चोरीचा सिद्धांत त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिला.

“हे अपहरण आहे. ओलीस ठेवलेल्याला निदान ब्रश तरी देतात.”

“झाडाला?”

“सभ्य टोळी आहे.”

बुधवारी नवखीने विचारलं, ‘पानं पिवळी पडून गळतायत. माझं काही चुकतंय का?’ पुन्हा सगळ्यांनी धीर दिला, पुन्हा प्रत्येकाने थोडं थोडं काहीतरी सांगितलं. पुन्हा ‘बरं, करते.’ फोटोतल्या फर्नला आता मोजून सात पानं होती आणि त्यांतली दोन निर्णय घेण्याच्या बेतात होती.

“तिला सरळ विचारा ना,” ताई म्हणाली. “काय ग बाई, झाड का हलवतेस?”

“संशयिताला विचारायचं नसतं.”

“का?”

“सांगून टाकते. मग तपासाला काय उरतं?”

त्याच संध्याकाळी भावोजींना आणखी एक शोध लागला. नवखीचा फोटो आला की तो सगळ्यात आधी ‘फक्त वाचते’ बघते. दर वेळी. एक अक्षर न लिहिता. “हीच सूत्रधार,” त्यांनी माझ्या कानात सांगितलं. स्वयंपाकघरात आमच्याशिवाय फक्त ताई होती. त्यांनी बेकरीवाल्या काकांना कळवलं, की नवखीला ग्रुपमधून काढा, नाहीतर उद्या कुणाचीच कुंडी सुरक्षित नाही. काकांनी आजवर कुणालाही काढलेलं नव्हतं. कसं काढतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी सगळेच समोरासमोर बोलू या.

शुक्रवारी मी मोबाइल धरून उभा राहिलो. सहाय्यकाच्या नशिबी हेच असतं. पडद्यावरच्या चौकोनांत एकेक चेहरा उमटला. एका चौकोनात नुसती रिकामी खुर्ची होती. आणि एकात नवखी, विशीतली मुलगी, मांडीवर निळी कुंडी घेऊन. कुंडीत पाच पानं.

भावोजींनी घसा साफ केला आणि न्हाणीघरापासून टूथब्रशापर्यंत सगळं मांडलं. चोर हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

“चोर?” मुलगी म्हणाली. “अहो, हे माझ्या सासूबाईंचं झाड आहे!”

“मग न्हाणीघरात का लपवलंत?”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“आणि... फ्रीजवर?”

“गणिताच्या बाई म्हणाल्या, तिथे ऊब असते.”

“शिवणयंत्रावर?”

“बेकरीवाले काका म्हणाले, झाडाला रोज हलकी थरथर मिळाली पाहिजे. घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे शिवून झाले माझे.”

कुंडी बदलायला कुणी सांगितलं, हे विचारायच्या आतच एका चौकोनातल्या आजोबांनी तोंड फिरवलं. सलूनवाल्यांनी आपण होऊन हात वर केला. “कडा मारल्या की दाट येतं,” ते पुटपुटले. “डोक्यावर तरी येतं.”

“आणि ब्रश मी सांगितला,” दंतवैद्य म्हणाले. “पानं स्वच्छ राहतात. मऊ घेतलात ना?”

“मऊच घेतला.”

“वरून खाली?”

“वरून खाली.”

“मग बरोबर आहे,” दंतवैद्य म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

“सगळ्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलं,” मुलगी म्हणाली, “कुणाचं टाळू? पाणी तर प्रत्येकाने थोडं थोडंच घालायला सांगितलं होतं. मी सगळ्यांचं थोडं थोडं घातलं.” तिने कुंडी जराशी वाकडी केली. आतून पाणी आलं. “उद्या आई येतील. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. त्यांना फोन करून विचारलं असतं, तर म्हणाल्या असत्या, हिला एवढंही जमत नाही.”

आणि ती रडायला लागली.

काय करायला नको होतं, हे आता सगळ्यांना दिसत होतं. पण ते बोलायचं तर कुणाचा तरी सल्ला खोडावा लागणार होता, आणि रिवाज आड येत होता.

तेवढ्यात रिकाम्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या. पिकलेले केस, हातात चहाचा कप.

“ते झाड आधी स्टुलावर ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि मी येईपर्यंत त्याला पाण्याचा थेंब दाखवू नकोस.”

मुलीचं रडं जागच्या जागी थांबलं. “आई?”

“हो, आईच.”

“तुम्ही या ग्रुपात?”

“तुझ्या लग्नाच्या आधीपासून. आणि माझं स्टूल मी ओळखणार नाही होय?”

“म्हणजे तुम्ही रोज फोनवर ‘झाड कसं आहे’ म्हणून विचारायचात, तेव्हा...”

“तेव्हा तू ‘मस्त आहे, आई’ म्हणायचीस, आणि मी बादलीजवळचा फोटो बघत असायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. “बोलले असते तर म्हणाली असतीस, सासू लेकीकडे गेली तरी पाळत ठेवते. झाड काय, मुळं शाबूत आहेत, फुटेल पुन्हा. तू माझ्याशी तोलूनमापून बोलायला लागली असतीस, तर ते कुठल्या खिडकीत ठेवून निस्तरणार होते मी? पण आज या गृहस्थांनी तुला चोर म्हटलं. मग नाही राहवलं.”

गृहस्थ मान खाली घालून टेबलावरची मिठाची बरणी न्याहाळत होते.

“पण वहिनी,” बेकरीवाल्या काकांनी हळूच विचारलं, “इतके दिवस तुम्ही एकदाही का नाही बोललात?”

“पहिल्यांदा बोलणाऱ्याचं तुम्ही काय करता, ते बघितलं होतं ना.”

मग काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

“म्हणजे आज तुम्ही पहिल्यांदाच बोललात! मंडळी, स्वागत करा!”

जो तो बोलू लागला. ऊब, थरथर, कडा, ब्रश. पण त्या सगळ्यांच्या आधी, सवयीने, भावोजींच्या तोंडून निघून गेलं होतं, “दमट हवा लागते. न्हाणीघरात ठेवा.”

सासूबाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग सुनेकडे बघत म्हणाल्या, “बरं, करते.”

सून एवढ्या जोरात हसली की मांडीवरच्या कुंडीतलं आणखी एक पान गळलं. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

मोबाइल बंद झाला तसे भावोजी ताठ बसले. “सूत्रधार ‘फक्त वाचते’च आहे, असं मी म्हटलं होतं की नाही?”

म्हटलं होतं. ते नाकारता येत नाही, हेच या प्रकरणातलं सगळ्यात वाईट.

समाधानाने ते स्वतःच्या फर्नला भेटायला न्हाणीघरात गेले आणि उलट्या पावली परत आले. “झाड गायब आहे! चोरी!”

“स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,” ताई म्हणाली. “दिवसभर तिथेच असतं. अंघोळीला अडचण होते, म्हणून रोज सकाळी बाहेर काढते आणि तुम्ही बघायला जायच्या आधी परत ठेवते. आज तुमच्या खटल्याच्या गडबडीत राहून गेलं.”

“रोज?”

“आणलंय तेव्हापासून.”

भावोजींनी खिडकीतल्या फर्नकडे बघितलं. ते उन्हात वाढून वाढून ओट्यापर्यंत लोंबत होतं. मग त्यांनी ताईकडे बघितलं. मग बराच वेळ कुठेच बघितलं नाही.

“हे प्रकरण लिहायला घेतो आता,” मी म्हणालो. “सुरुवातीचं वाक्य तसंच ठेवायचं ना?”

“तसंच,” भावोजी म्हणाले. थोडा विचार करून पुढे म्हणाले, “फक्त सावलीचं काढ.”

मी काढलेलं नाही.