पुढून येतो तसाच मागूनही

खोलीत होत्या दोन प्लायवूडच्या फळ्या, दोन पंधरा इंची स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, एक लॅपटॉप, गेल्या सालच्या धानाची सात पोती आणि एक शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ म्हणजे मी, बीएस्सी फिजिक्स! अख्ख्या सावली गावात नसेल असा स्पीकर मी बनवला होता. त्याला पेटीच नाही!

"पेटी नाई त स्पीकर कायचा? अर्धा सोडला का?" बाबा म्हणाले.

मी समजावलं. फळीला भोक, भोकात स्पीकर, मागून उघडा. आवाज पुढे जातो तेवढाच मागेही जातो. बाजूला मात्र दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे काही ऐकू येत नाही.

"शेजाऱ्याची एक जरी तक्रार आली ना, फळ्या चुलीत!" बाबांनी एवढंच समजून घेतलं.

संध्याकाळी खर्जाची चाचणी लावली, तर खोली रिकाम्या ड्रमसारखी घुमली! मी फळ्या भिंतीपासून चार फूट पुढे ओढल्या, पुढचं दार आणि मागची खिडकी सताड उघडली. आता कसं, स्वच्छ 'गुर्रर्र...' थोडं थांबून पुन्हा 'गुर्रर्र...'

मागच्या कुंपणावरून शेजारच्या नीलाबाईंनी हाक मारली, "साक्षी! तो आला का वं?"

एवढ्या लांबून ऐकणारा पहिला श्रोता! मी फुलून गेले. "आला ना, नीलाबाई! पुढून येतो तसाच मागूनही येतो!"

"अगं माय! दोन हायेत?"

"दोन! अन् ताकद सारखीच!"

आमच्याकडे दिवस मावळल्यावर वाघाचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे; पण त्या संध्याकाळी माझ्या जगात 'तो' म्हणजे फक्त आवाज! नीलाबाईंच्या दोन बकऱ्यांपैकी एक 'त्याने' मागच्याच महिन्यात नेली होती. उरलेली काखेत मारून त्या शिडीने थेट कौलांवर चढल्या.

गल्लीत ओरडा सुरू झाला. "आला! एक पुढं हाय, एक मागं!"

आईने मला आणि बाबांना बाजूच्या भिंतीशी, पोत्यांमागे ओढलं. दार लावायला जायची कोणाची छाती होईना.

"इथी त काई ऐकू येत नाई," बाबा कुजबुजले.

"दबा धरून बसला असन," आई म्हणाली.

मीही पोत्याआड अंग चोरून बसले. शास्त्र पार विसरले होते!

बाबांचा फोन वाजला. वनरक्षक कुलदीपभाऊ! "रामाजीभाऊ, हालू नका! आवाज तुमच्या घरातून येऊन राह्यला!"

बाबांनी मुसळ उचललं, दोन पावलं पुढे टाकली आणि नेमके स्पीकरसमोर आले. गुर्रर्र! मुसळ एकीकडे, बाबा पोत्यांवर!

मी मान वर काढली. लॅपटॉपवरची रेघ त्याच गुरगुरीबरोबर वरखाली नाचत होती. रांगत गेले आणि प्लग उपटला. दोन्ही वाघ एका क्षणात मेले!

निम्मी गल्ली घरात शिरली. कुलदीपभाऊ दोन तांबे पाणी प्यायले. "बाप्पा! मले वाटलं, आज बायको पेन्शनवर!"

"गेला का?" कौलांवरून नीलाबाई.

"तो आलाच नव्हता, नीलाबाई! फळ्या होत्या!"

मग बकरी ओरडली आणि नीलाबाई इतक्या हसल्या की एक कौल घसरून खाली आलं.

बाबा फळ्यांकडे बघत म्हणाले, "तक्रार करा, नीलाबाई. चूल पेटलेलीच हाय."

"तक्रार काऊन करू? बकरी वाचली ना माही! उलट थे गुरगुरं माह्या धुऱ्यावर लाव वं पोरी. रानडुकरं धान तुडवून राह्यले."

चूल टळली! त्याच रात्री फळ्या नीलाबाईंच्या बांधावर उभ्या राहिल्या. सकाळी मी चिखलातले पायांचे ठसे मोजले.

समोरून आलेली रानडुकरं: शून्य. मागून: शून्य. बाजूने: चार.