शेळ्यांसाठी हत्तीगवत

शेळीने काय खावे, हा प्रश्न शेळीवर सोडण्याइतका क्षुल्लक नाही. म्हणूनच त्यासाठी एक समिती होती, समितीला एक गोल टेबल होते, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी (ते खुर्चीच्या उंचीवरून ओळखायचे) चारानिवड अधिकारी बसत.

साहेबांनी उभ्या जन्मात शेळी पाळली नव्हती, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती होते. लसूणघास ओला आणि भरपूर खाल्ला तर पोट फुगते, म्हणून बाद झाला. झाडपाला झाडावर असतो आणि झाडे दुसऱ्या खात्याची, म्हणून तोही बाद. राहिले हत्तीगवत. ते सगळ्या सदस्यांच्या डोक्यावरून गेले (बैठकीत इतरही बरेच काही गेले). शिवाय हत्तींची एकही तक्रार नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला.

प्रयोगासाठी साहेबांनी थोरल्या बहिणीच्या शेळ्या घेतल्या. ताईच्या परसात हत्तीगवत लावले, ते तुडवले जाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या ओल्या फांद्यांचे कुंपण घातले, आणि शेळ्यांना चरायला बाहेर सोडणे बंद केले.

ताईची लाडकी काबरी तेव्हा गाभण होती. तिने कापून टाकलेले गवत हुंगले आणि त्यावर लेंड्या टाकल्या. साहेबांच्या लेखी हा ‘प्राथमिक संकोच’ होता. बाकीच्यांनी शेंडे कुरतडले आणि दांडे पायाखाली घातले. काबरीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा साहेब म्हणाले की शेळ्यांमध्ये जागृती कमी पडते आहे, त्यांच्या नजरेच्या उंचीवर एक फलक लावावा.

ताई शांतपणे म्हणाली, “बाळ्या, तिच्या पोटात पिल्लं आहेत. आधी तिला खायला दे, मग काय ते शिकव.”

साहेब चपापले. गोठ्यात उकिडवे बसून त्यांनी काबरीला चुचकारले, हाताने भरवून पाहिले, शेवटी तिला धीर यावा म्हणून स्वतःच एक पान चावले. पानाच्या कडेने जीभ कापली. क्षणभर त्यांना शंका आली (शंका घेण्याचे अधिकार त्यांना नव्हते, ते वरिष्ठांकडे होते). त्यांनी मान वर केली, तर काबरी दावे तोडून मागच्या दोन पायांवर उभी होती आणि कुंपण खात होती. काटे चुकवून, पान न् पान.

साहेब हाकलायला उठले. ताईने मनगट धरले. ते पुन्हा खाली बसले, आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता त्यांनी कुंपणाला नव्या फांद्या लावल्या.

काबरीला दोन गुबगुबीत करडे झाली. एक मांडीवर घेताना साहेबांचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून त्यांनी अहवाल लिहिला: जिथे हत्तीगवत लावले, तिथल्या शेळ्या धष्टपुष्ट झाल्या. कुंपणाचा उल्लेख नव्हता, कारण चाऱ्याच्या निवडीत ते उमेदवारच नव्हते. योजना सर्वत्र लागू झाली. काटकसर म्हणून कुंपण तेवढे वगळले.

या यशामुळे साहेबांना माणसांच्या आहाराच्या खात्यात बढती मिळाली. तिथे त्यांनी एक पौष्टिक भुकटी निवडली. चव ओल्या पुठ्ठ्याची होती, म्हणून ते जरा धास्तावले होते. पण लोकांनी फक्त एवढेच विचारले की जेवणाआधी घ्यायची की नंतर.

तो डबा तुमच्याही फळीवर असेलच. चालू द्या. फक्त झाकण घट्ट लावा आणि शेळीला हुंगू देऊ नका. अडाणी जनावर ते, उगाच तुमचे मन कलुषित करायचे.