वेंकोबरावांचा ओठ

वेंकोबरावांनी जन्मात कुठल्या भांड्याला ओठ लावला नव्हता. पाणी तर सोडाच, वाफाळती कॉफीसुद्धा ते वीतभर उंचीवरून थेट घशात सोडत. बँकेने माझी चेन्नईला बदली केली आणि अण्णा नगरात मी त्यांचा शेजारी झालो. पहिल्याच सकाळी त्यांच्या घरी मी पेल्याला ओठ लावून कॉफी प्यायलो.

"अय्यो, एच्चल केलांत!" वेंकोबराव म्हणाले. एच्चल म्हणजे उष्टं. तो पेला त्यांनी माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला आणि हा तुमचा बहुमान समजा, असं बजावलं.

घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. आम्ही सांगलीकडचे त्यांच्या लेखी बिघडलेले मराठी. "तिकडे राहून तुम्हीं आचार अस्की सोडलांत," असा त्यांचा निकाल होता. अस्की म्हणजे सगळा. तांबरमला रेल्वेत ते कारकून होते. निरोपसमारंभात साहेबांनी दिलेलं सरबतही त्यांनी वरूनच ओतून घेतलं. त्यामुळे त्या समारंभाच्या फोटोत त्यांचा फक्त गळा आला आहे. तो फोटो दिवाणखान्यात लावलेला आहे.

एका सकाळी वेंकोबरावांची कॉफी सदऱ्यावर सांडली. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी कृष्णाबाई, काहीतरी भयंकर झालंय हे तिथेच ओळखून माझ्याकडे धावत आल्या.

पक्षाघाताचा झटका होता. इस्पितळात वेळेत पोचलो. मेंदूतली गुठळी विरघळली, वाचा परत आली, तोंड तेवढं किंचित वाकडं राहिलं. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी जे औषध टोचलं होतं, त्याने मूत्रपिंडं रुसली. रक्तातलं क्रिएटिनिन चढायला लागलं. हृदय अशक्त, त्यामुळे सलाईनही बेतानेच.

"पाणी प्यायला हवं," डॉक्टर म्हणाले. "बसून, मान खाली घालून, घोट घोट. वरून ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. नाहीतर डायलिसिस करावं लागेल."

"सरी," म्हणजे बरं, असं वेंकोबराव म्हणाले आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

नर्सने चमचा आणला. नको. नळी आणली. तीही नको.

"मामा, चमचा कोरा आहे हो," मी म्हणालो.

"कोरा मणून काय? तोंडांत गेला कीं एच्चल."

"मूत्रपिंडं जातील!"

"जाऊं द्या. आचार राहील."

मला असा संताप आला की आजारी माणसावर ओरडू नये हेही मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आणखी वाढलं. डॉक्टर खाटेशी उभं राहून डायलिसिसचं सांगू लागले आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या मामी खाटेची दांडी धरून हळूच खाली बसल्या. नर्सने त्यांना सावरलं, नाडी पाहिली, काही खाल्लंय का म्हणून विचारलं. मामी चोरी पकडल्यासारख्या पदर सारखा करू लागल्या.

"निदान पाणी?" मी विचारलं.

"ते प्याल्याखेरीज मी कशी पिऊं?" मामी म्हणाल्या. "कालपासून नाहीं."

नर्सने पाण्याचा पेला आणला. वेंकोबरावांनी तो तिच्या हातातून ओढून घेतला, मान खाली घातली आणि पेल्याला ओठ लावला. वाकड्या कोपऱ्यातून थोडं पाणी गळ्यावर ओघळलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. एखाद्याच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं वाटत होतं.

पुढे पंधरवड्यात मूत्रपिंडं सावरली. डॉक्टरांनी श्रेय औषधांना दिलं आणि मीही वाद घातला नाही.

पण त्या दिवशी पाणी संपायला बराच वेळ लागला. घोट घेऊन ते दमत, थांबत आणि पुन्हा मान खाली घालत. शेवटी त्यांनी तो पेला मामींसमोर उलटा करून दाखवला. मामींना नावाने हाक मारताना मी वेंकोबरावांना कधी ऐकलं नव्हतं.

"कृष्णे, प्यालों मी," ते म्हणाले. "आतां तूं पी."