ज्वारीत रक्त मोजणारे काशिनाथमामा

माणसाचं रक्त ज्वारीत मोजणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत काशिनाथमामांची रक्त तपासायची छोटीशी लॅब आहे. गाव पिशोर, घरी शेती. पांढऱ्या पेशी मोजायचं त्यांचं बटणांचं यंत्र मोडलं, तेव्हा या गृहस्थांनी नवं घेतलं नाही. टेबलावर धान्याच्या पाच वाट्या मांडल्या. डोळा सूक्ष्मदर्शकाला, तोंडानं धान्याचं नाव, आणि पेशी दिसली की त्या जातीचा एक दाणा ताटात. शंभर झाले की दाणे निवडायचे आणि रिपोर्ट लिहायचा. घाई केली की म्हणणार, "सबर धरा, दाणे पडू द्या."

"ज्वारी म्हंजे न्यूट्रोफिल," ते मला समजावत. "सगळ्यात जास्त. जंतू घुसला की आधी हीच पळती, त्याला खाती अन् तिथंच मरती. जखमेत पू दिसतो ना, ती हिचीच मढी." हरभरा म्हणजे मोनोसाइट, अंगानं दांडगी, मागून येऊन मेलेलं-सडलेलं गिळते आणि जागा साफ करते. बाजरी म्हणजे इओसिनोफिल, पोटात जंत झाले की वाढणारी. मोहरी म्हणजे बेसोफिल, शंभरात एखादी. "पण लई कजाग! एवढीशी असून अंगभर खाज उठवती." आणि तूर म्हणजे लिम्फोसाइट. वैऱ्यावरचा उतारा हीच बनवते आणि त्याचं तोंड वर्षानुवर्षं ध्यानात ठेवते.

बरं, हे लॅबपुरतं ठेवावं ना! शेजारच्या लग्नात पानं वाढायच्या आधीच पंगतीवर तुटून पडलेल्या वऱ्हाडाकडे बोट दाखवून मामा मोठ्यानं म्हणाले, "आली बघा ज्वारी!" वर माझ्या सासूबाईंना, "तुम्ही पक्क्या तूर. तीस वर्षांमागचा मानपान अजून इसरल्या नाय." सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे मामांचं खरंच होतं.

मग माझ्या मीनूला ताप आला. चौदा वर्षांची पोर, दहा दिवस अंथरुणात, मानेला गाठी. मोठ्या लॅबच्या यंत्रानं लिहून दिलं की लिम्फोसाइट फार वाढल्यात, काही पेशी वेगळ्या दिसतात, डोळ्यांनी तपासून घ्या. डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले, "रक्ताचा कॅन्सर नाही ना, एवढं बघून घेऊ." मामांनी घरी येऊन रक्त घेतलं आणि मी त्यांच्या मागोमाग जाऊन लॅबमध्ये बसले.

"तूर. तूर. ज्वारी. तूर. तूर."

दाणे टपटप पडत होते. देवाचं नाव राहिलं बाजूला, मी ज्वारीचा धावा करत होते. शंभर झाले. मामांनी ताट रिकामं केलं आणि पुन्हा शंभर मोजले. मग तिसऱ्यांदा.

"मामा, बोला ना काहीतरी!" मी ओरडलेच.

"तूर लई हाय," ते म्हणाले. "पण कच्ची नाय. त्या आजारातली पेशी कोवळी असती, दाणा न भरलेली. ही भरलेली हाय, लढून फुगलेली. पोरीच्या अंगात विषाणू शिरलाय अन् तिची फौज भांडतीय. डॉक्टरला दाखव, त्यो बी हेच म्हणंल."

डॉक्टर तेच म्हणाले. मी भर दवाखान्यात भोकाड पसरलं.

तीन आठवड्यांनी मीनू शाळेत जायला लागली, तेव्हा मी मामांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"पोरगी कुठंय?"

"शाळेत. ठणठणीत आहे."

"तिला आण की एकदा."

मला हसू आलं. "आता कशाला रक्त काढताय तिचं?"

"रक्त नाय गं." मामा उगाचच सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायला लागले. "इतकी वर्षं झाली, इथं येतो त्यो आजारीच येतो. बरा झाला की देवाला नारळ, डॉक्टरला पेढे. माझ्याकडं कोण परत येतंय? बायको गेल्यापासून घरी बी कुणी नाय. बरं झालेलं माणूस मी बघितलंच नाय कधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीसुद्धा पेढे आधी डॉक्टरांनाच देऊन आले होते.

संध्याकाळी मीनू दप्तरासकट लॅबच्या दारात उभी राहिली. मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग लगबगीनं उठले, पेशंटची खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली आणि म्हणाले, "बस, बाळा, बस. आज सुई नाय."