हैबतीच्या हिरड्याच्या मिशा

माणूस केस काळे करतो ते चार लोकांनी बघावं म्हणून. ताम्हिणीच्या हैबतीनं ते केले एकट्या बायकोसाठी, आणि तेही तिला धड दिसत नसताना.

सगुणाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पाच वर्षं तिला हैबती दिसायचा तो धुक्यातल्या खांबासारखा. (धुकं ताम्हिणीला नवं नाही, पण हे उन्हाळ्यातही हटेना.) थंडीत पौडच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा हैबतीनं तिला बैलगाडीत घालून नेलं. डॉक्टरनं एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, दहा दिवसांनी पट्टी सोडली आणि सांगितलं की दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा मिळेल, मग सगळं लख्ख दिसेल.

परत येताना सगुणाबाई गाडीत खुशीत म्हणाली, "चष्मा लागला की पयलं तुमचं त्वांड बघनार हाय. त्या काळ्याभोर मिशा बघून लई दीस झालं."

हैबतीचा हात मिशीकडं गेला. पाच वर्षांत डोकं आणि मिशी दोन्ही कुरडूच्या तुऱ्यागत पांढरी झाली होती. सगुणाबाई अधनंमधनं विचारायची, केस पिकलं का वं; त्यावर हा "दोन-चार" म्हणून मोकळा व्हायचा. (उरलेले काळे मोजले तर खरंच दोन-चार निघाले असते.) आता चष्म्यातनं तिला भलताच म्हातारा दिसणार, आणि वर तो पाच वर्षं खोटं बोललेला म्हातारा, ह्या विचारानं गडी घर येईपर्यंत मिशीच कुरवाळत बसला.

पुण्यात कलप मिळतो असं त्यानं ऐकलं होतं. पण दुकानात चारचौघांत कलप मागण्यापेक्षा त्यानं आणखी एकदा लग्नाच्या बोहल्यावर चढणं पत्करलं असतं. मग त्यानं डोकं चालवलं. ओला हिरडा कोयत्यानं फोडला की कोयता आणि बोटं शाईसारखी काळी होतात, हे डोंगरातले हिरडे वेचणाऱ्याला सांगायला नको. बोटं होतात तर केस का होऊ नयेत? लोखंडी कढईत हिरड्याची पूड, मूठभर गंजके खिळे आणि ताक घालून त्यानं ते गोठ्यात तीन दिवस मुरवलं, आणि तो काळा राडा डोक्याला-मिशीला थापून सकाळभर गायीशेजारी बसून राहिला. गायीनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

रंग झकास चढला. केसांवर चढला, कानांवर चढला, कपाळावरही दोन बोटं उतरला. केस वाळून काथ्यासारखे ताठ झाले. टोपी ठेवली की डोक्याला न टेकता वरच तरंगायची.

पण केस काळे करणं म्हणजे लग्नासारखं, खरं निस्तरणं पुढंच असतं. आठवडा गेला की मुळाशी पांढरं उगवायचं. दर सोमवारी हैबती कढई घेऊन गोठ्यात. घाम आला की मानेवर काळे ओहोळ, चहा प्याला की बशीत काळी साय. वाडीतल्या सगळ्यांना त्यानं हातापाया पडून गप्प बसवलं होतं. सगुणाबाईला दिसत नसलं तरी नाक शाबूत होतं. तिनं वासाचं विचारलं, तर गायीच्या खुरांचं औषध म्हणून त्यानं ठोकून दिलं. पाच आठवड्यांत गायीला उतार पडेना, तेव्हा बिचारीनं देवीला नारळ बोलून टाकला, आणि धडधाकट गायीसाठी तो नवस फेडायला घाट चढून हैबतीलाच जावं लागलं.

अखेर चष्मा आला. दोरीनं कानाला बांधलेली ती जाड भिंगं लावून सगुणाबाईनं दारात उभं राहून हैबतीकडं बघितलं. बघतच राहिली.

"तुमी हाय तसंच हायसा की," ती म्हणाली, आणि हैबतीला सात सोमवारांचं पुण्य पावलं.

ते टिकलं दुसऱ्या सकाळपर्यंत. सकाळी सगुणाबाईनं कुंकू लावायला फळीवरचा आरसा काढला. पाच वर्षं ती अंदाजानं कुंकू लावत होती. कुंकवाला एवढा वेळ का लागतो म्हणून हैबती डोकावला. आरसा उपडा पडला होता आणि तिनं पदर कपाळापर्यंत ओढला होता.

"तुमी तसंच ऱ्हायला," ती हळूच म्हणाली, "म्हातारी मी एकलीच झाले. भावाच्या घरी लग्नाला आता तुमी एकलंच जा. लोक म्हनतील, आय आन ल्योक आलं."

तिचेही केस पिकल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं ज्यानं, तो गोठ्यात बसला होता. हैबती तसाच ओढ्यावर पळाला. राख लावली, रिठा लावला, वाळूनं घासलं. दीड महिना घामाच्या थेंबानं पळणारा रंग आता हटेना. शेवटी खालच्या वाडीला बहिरू न्हाव्यापुढं जाऊन तो बसला आणि म्हणाला, डोई, मिशी, सगळं उतरव.

बहिरूचा वस्तरा थांबला. हैबतीचे आईबाप तर कधीच गेलेले. "कोन गेलं, पाव्हनं?" त्यानं विचारलं. मिशीच्या दुःखानं हैबतीनं डोळे मिटून घेतले होते. त्यानं नुसती मान हलवली. अशा वेळी दुसऱ्यांदा विचारू नये एवढी रीत बहिरूला होती. बहिरूच्या बायकोला मात्र आठवलं की सगुणाबाईच्या डोळ्याचं आपरेशन झालं होतं.

हैबती घरी पोचला, तो त्याच्या पाठोपाठ खालच्या वाडीच्या बाया, पुढं गोजराबाई. रडायला गोजराबाईसारखी बाई अख्ख्या घाटात नाही. "सगुणे, गेलीस गं मला टाकून," करत तिनं अंगणातच बसकण मारली.

सगुणाबाई चष्मा सावरत बाहेर आली. "कोन गेलं गं, गोजरा?"

गोजराबाईचा सूर अर्ध्यात तुटला. तिनं वर बघितलं. "तूच की," ती म्हणाली.

सगुणाबाईनं अंगणातल्या त्या गुळगुळीत माणसाकडं पाहिलं. ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग हैबतीनं सगळ्या बायांदेखत कबूल केलं: हिरडे, खिळे, ताक, गायीचं औषध, दोन-चार केसांची पाच वर्षांची थाप. ऐकता ऐकता सगुणाबाईचा पदर मागं सरला, पांढरे केस उन्हात आले, आणि ती हसायला लागली ती भिंगं ओली होईपर्यंत. चष्मा पुसून तिनं हैबतीच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला, आणि मागच्या बाजूला तो थांबला.

"म्हातारं झाला त्याचं काय न्हाई, दोगंबी झालो," ती म्हणाली. "पर डोसकं मागनं असं चपटं हाय, ह्ये लगीन ठरवताना कुनी बोललं न्हाई. केस लवकर वाढवा. कसल्या बी रंगाचं येऊ द्या, पर त्ये झाकू द्या."