मुख्य आवाज

माणसाला दोन कान दिलेले आहेत ते शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे हे कळावं म्हणून. घरच्यांचं बोलणं थोपवण्याची मात्र निसर्गाने काहीच सोय केली नाही. ही उणीव हेडफोन बनवणाऱ्यांच्या वेळीच लक्षात आली, याबद्दल मानवजातीने त्यांचं ऋणी राहिलं पाहिजे.

अम्मानच्या जबल अल-हुसैन भागातला मुहन्नद ऋणी होताच. दिवसा तो विमा कचेरीत नोकरी करी (केवळ पोटासाठी) आणि संध्याकाळी संगणकावरच्या पाच जणांच्या लढाईत ‘वाळवंटी ससाणे’ या संघाचं कर्णधारपद भूषवी. शत्रू कुठे आहे ते ओरडून सांगायचं, एवढंच कर्णधाराचं काम. पण तिथेच घोडं पेंड खात होतं. त्याच्या जुन्या माइकमधून शत्रूपेक्षा जबल अल-हुसैनच जास्त ऐकू जाई: गॅसवाल्याच्या गाडीवर वाजणारी पियानोची धून, कलिंगडवाल्याचा भोंगा आणि आईची मतं.

“तुमच्या गल्लीत कलिंगड काय भावाने चाललंय ते कळतं, गोळी कुठून आली ते कळत नाही,” झरका शहरातून खेळणारा संघातला कुसय एकदा भडकलाच. “शुक्रवारी पात्रता सामना आहे. माइक बदल, नाहीतर आम्ही कर्णधार बदलतो!”

कर्णधारपद मुहन्नदला सोडवेना. विमा कचेरीत त्याला कोणी कर्णधार म्हणत नसे.

त्याने माइकवाल्या हेडफोनांचा अभ्यास सुरू केला. कानावरची उशी मखमलीची की चामड्याची, तारेचा की बिनतारी, हे प्रश्न लग्न ठरवण्याहून नाजूक असतात (लग्नात इतके पर्यायही नसतात). त्याने स्वतः काढलेल्या आकडेवारीनुसार शंभरातल्या अठ्ठ्याण्णव परीक्षकांना फुकट मिळालेला हेडफोन सर्वोत्तम वाटला होता. उरलेल्या दोघांना तो अजून पोचायचा होता.

शेवटी निवडलेला हेडफोन खरोखर गुणी होता. त्यात शत्रूचं पाऊल भिंतीपलीकडून ऐकू येई आणि घरातलं अवाक्षर ऐकू येत नसे. माइक तर त्याहून हुशार. तो दोन दिवस घरात राहून तिथला मुख्य आवाज आपला आपण ओळखी आणि बाकीचे गोंगाट समजून गाळून टाकी.

“आधीच्याला काय धाड भरली होती?” आईने खोकं बघून विचारलं.

“आई, यात घरातलं काही ऐकू येत नाही.”

“मग बापालाही एक आणायचास.”

वडिलांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं (त्यांचं यंत्रावाचून भागत होतं).

शुक्रवारी सामना सुरू झाला, तेव्हा आई मुहन्नदच्या मागे आत भात भरण्यासाठी छोटे कोसा भोपळे कोरत बसली होती. मुहन्नदने पावलं ऐकली आणि ओरडला, “मागे फिरा!” संघ पुढे गेला. तो म्हणाला, “डावीकडे!” सगळे उजवीकडे वळले आणि तिथे दोन शत्रू सापडले. आपल्या मनातलं आपल्याही आधी ओळखणारा संघ घडवल्याबद्दल त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

मागे आई बोलत होती, “अरे, त्या पिवळ्या घरामागे दबा धरून बसलेत, डोळे आहेत की भोकं? कुसय, उघड्यावर काय उभा राहिलास, भिंतीला लाग!”

ससाणे जिंकले.

“मावशी, तुमचे हात सलामत राहोत!” मुहन्नदच्या कानात कुसयचा आवाज घुमला. “असा कर्णधार पाहिला नव्हता!”

“अरे, मी बोलतोय, मी!” मुहन्नद ओरडला. कोणी ओ दिली नाही. त्याने हेडफोन काढून हातात धरला, तरी कुसय त्यातून विचारतच होता, “मावशी, आज मुहन्नद कुठाय?”

“हा काय, इथेच बसलाय,” आई म्हणाली. “बोलत असतो काहीतरी.”

संध्याकाळी संघाने एकमताने नवा कर्णधार निवडला. मुहन्नदला फार लागलं. त्याने कंपनीकडे रीतसर तक्रार केली. यंत्र निर्दोष आहे, घर तपासून घ्यावं, असं कंपनीने नम्रपणे कळवलं.

वाचकांना हसू येणं स्वाभाविक आहे. पण हा हेडफोन मागवण्याआधी त्यांनी आज जेवताना एखादं वाक्य बोलून बघावं. कोणी ताटावरून मान वर केली नाही, तर खर्चात पडू नये. ही सोय त्यांच्या घरी आधीच बसवलेली आहे.