तीन वर्षांचा पूर्वज

"जिवंत माणसं शोधायला पोलीस आहेत. मेलेली शोधायला मी आहे." थर्लो पिंकम स्वतःची ओळख अशी करून देत असे. अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या नजरेतून एकही थडगं सुटलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून तो लोकांचे पूर्वज उपटून काढत होता. बायको नॅन त्याची सहायक, म्हणजे गाडी चालवणं, चष्मा शोधणं आणि अधूनमधून "वा!" म्हणणं.

सध्याचं प्रकरण लोर्ना हॅलेटबाईंचं. त्यांची जन्माची मैत्रीण विनी गेल्या हिवाळ्यात गेली आणि टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत विसावली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. एक्याऐंशीच्या लोर्नाबाईंना तीच हवी होती, पण तिथे गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांनाच प्रवेश. बाईंचा पूर्वज ओबेड हा गाव वसवणाऱ्या सायलस हॅलेटचा मुलगा, एवढं सिद्ध झालं की काम फत्ते.

आणि थर्लोला सायलसच्या ओबेडचं थडगं सापडलं. मृत्यू १७०४. वय वर्षं तीन.

"याच ओबेडने १७३१ साली लग्न केलंय," थर्लो गुडघे झटकत म्हणाला. "नॅन, यात काळंबेरं आहे."

"नवरीच्या लक्षात नाही आलं?"

पहिला तर्क असा, की मेलेल्या पोराचं नाव लावून एक समुद्री चाचा गावात घुसला. दुसरा, थडगं रिकामं आणि पोर पळवलेलं. तिसऱ्यात एक अस्वल होतं. तो नॅनने पुरता ऐकूनच घेतला नाही. शेवटी चाचाच कायम झाला.

"म्हणजे बाई चाच्याच्या वंशातल्या. जागा विसरा. तूच सांग त्यांना. रडणाऱ्या बायका तुला जमतात."

नॅन क्रॅनबेरीचा केक घेऊन गेली. दारातच कुत्रा अंगावर आला.

"बिस्किट, खाली!" लोर्नाबाई ओरडल्या.

"हा अजून आहे? आमचा पोरगा शाळेत होता तेव्हा यानेच त्याचा बूट खाल्लेला!"

"तो आधीचा बिस्किट. गेला गं तो. दुसरा आणला, पण तोंडात हाक तीच यायची. म्हटलं, राहू दे तेच नाव."

नॅनने केक टेबलावर ठेवला आणि तशीच मागे फिरली.

"अगं, काय सांगायला आली होतीस?"

"उद्या सांगते!"

घरी येऊन तिने विचारलं, "थर्लो, पोर गेल्यानंतरच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी बघितल्यास?"

"कशाला? मेलेला माणूस पुन्हा जन्मतो का?"

चर्चच्या वहीत दोनच पानं पुढे, १७०६ साली, सायलसला त्याच बायकोपासून मुलगा झाला होता. नाव ओबेड. त्या काळी गेलेल्या लेकराचं नाव सर्रास पाठच्याला देत. तीन वर्षं ज्याला हाका मारल्या, त्याचं नाव त्या आईने घरातून जाऊ दिलं नव्हतं.

थर्लोने चष्मा बराच वेळ पुसला. "चाच्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता," तो म्हणाला.

"वा!" नॅन म्हणाली.

जागा मंजूर झाली. टेकडीवर थर्लो दफनभूमीच्या समितीला आपल्या शोधाची पद्धत समजावत होता. लोर्नाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काठीने गवतावर स्वतःची रुंदी आखून पाहिली, मग विनीच्या दगडाकडे वळल्या.

"जरा सरक गं."